क्वेंडरेल नावाचं शेवटचं घर

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला उत्तनच्या पोलीस ठाण्यात फोन आला. बोलणारी बाई घाबरलेली होती, पण शब्द नीट उच्चारत होती. शेजारचे म्हातारे गृहस्थ बुधवारी दुपारी बाहेर पडले ते अजून परतले नव्हते. दाराला बाहेरून कुलूप होतं. फोन बंद होता. दुधाच्या दोन पिशव्या पायरीवर आंबून पडल्या होत्या.

उपनिरीक्षक संचिता शिगवण हवालदार काशीनाथना घेऊन निघाली. संचिता मूळची रत्नागिरीची. मीरा रोडला शांती नगरात भाड्याच्या घरात एकटीच राहायची. आपल्या दारात दुधाच्या पिशव्या साठल्या तर कितव्या दिवशी कोण फोन करेल, हा विचार तिला जीपमध्ये बसल्या बसल्या येऊन गेला.

घर अगदी समुद्राच्या कडेला होतं. दोन बैठी घरं, मध्ये एक भिंत, पुढे एकच अंगण आणि एकच विहीर. डावीकडच्या दारावर इंग्रजीतली पितळी पाटी होती. मॅथ्यू क्वेंडरेल. उजवीकडच्या दारात फोन करणारी बाई उभी होती. तिचं नाव जुडिथ. वय अठ्ठावन्न, नवरा वारलेला, मुलगी जेनेल कुवेतला. वीस वर्षं ती फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. मॅथ्यूच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडेच असायची.

कुलूप उघडून संचिता आत गेली आणि समोरची भिंत बघून थांबली.

भिंतभर जगाचा नकाशा होता. त्यावर लाल टाचण्या. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एकोणीस, अगदी दाटीने. कॅनडात सात, न्यूझीलंडमध्ये चार. आणि उत्तनवर एक.

जुडिथने सांगितलं ते असं. मॅथ्यू अंकल शहात्तर वर्षांचे. लग्न केलं नाही. जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. जहाज बंदराला लागलं की बाकीचे लोक बाजारात जात, हे टेलिफोन बूथ शोधत आणि डिरेक्टरीत आपलं आडनाव बघत. इंग्रजी आडनाव, पण इंग्रजांनाही माहीत नसलेलं. क्यू अक्षराची पानं दोन-तीनच असायची, त्यामुळे वेळ लागत नसे. चाळीस वर्षांत त्यांना सगळ्या जगात एकतीस घरं सापडली. एकतिसावं त्यांचं स्वतःचं.

"आणि इकडे हे नाव आलं कसं?" संचिताने विचारलं.

"त्यांच्या खापरपणज्याकडून. जोसेफ. मिठागरावर देखरेखीला आलेला साहेब. मुर्धा गावची बायको केली आन् इथंच ऱ्हायला. आता अंकलच शेवटचे. त्यांच्यामागं हे नाव इथं न्हाय."

टेबलाखाली पत्र्याची पेटी होती. कडी नुसती अडकवलेली. आत जुन्या फोटोंचे गठ्ठे आणि एक रिकामं, लांबट कापडी पाकीट. पाकिटावर मॅथ्यूने स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: घराचं खरेदीखत.

"हा कागद कुठे आहे?"

"मला काय म्हाईत, मॅडम. मी त्या पेटीला कधी हात न्हाय लावला."

"घरी कोणी येतं?"

जुडिथ थोडी घुटमळली. एल्टन येतो, म्हणाली. मॅथ्यूच्या मावसबहिणीचा मुलगा, काशीमिऱ्याला त्याचं गॅरेज. घर विकून माझ्याकडे येऊन राहा म्हणून अंकलच्या मागे लागलेला. बुधवारी संध्याकाळीही तो अंगणात दिसला होता.

संचिताने तिला नकाशाखाली बसवून बेपत्ता माणसाचं नाव, वर्णन आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिच्याच हाताने लिहून घेतलं. ते काशीनाथनी तिथूनच मुंबईतल्या रुग्णालयांना आणि ठाण्यांना कळवलं. तासाभरात सगळीकडून एकच उत्तर आलं. अशा नावाचं कोणी नाही.

तेवढ्या वेळात संचिता मॅथ्यूच्या फायली बघत बसली. प्रत्येक देशाची वेगळी फाइल होती. इंग्लंडच्या फाइलीत एका बुडालेल्या गावाची टिपणं होती. मॅथ्यूंच्या समजुतीप्रमाणे आडनाव त्या गावावरून आलेलं. समुद्राने किनारा खात खात ते गाव गिळलं, आणि माणसं आजूबाजूला पांगली. बाकी बरीच पत्रं होती, मॅथ्यूने लिहिलेली. उत्तरं फार थोडी, चार-चार ओळींची.

न्यूझीलंडची फाइल मात्र जाड होती. गेल्या चौदा महिन्यांतले अठ्ठावीस ईमेल, छापून तारीखवार लावलेले. लिहिणारी डोरोथी क्वेंडरेल. विधवा. शेवटच्या पत्रात तिने लिहिलं होतं की बुधवारी दुपारी ती मुंबईला उतरते आहे. विमानाला तास-दोन तास उशीर झाला तर मॅथ्यूने तिथेच थांबावं, घरी जाऊ नये.

पत्राखालची सही बघून संचिता थबकली. मग ती बाहेर गेली आणि दारावरची पाटी पुन्हा वाचून आली.

"काशीनाथ, रुग्णालयांना परत फोन लावा. विमानतळाच्या आसपासच्या. या वेळी आडनावात शेवटी एकच एल सांगा. आपण दोन सांगितले होते."

दहा मिनिटांत मॅथ्यू सापडले. गुरुवारी संध्याकाळी आगमनाच्या दारासमोर ते चक्कर येऊन पडले होते. हातात पुठ्ठ्याचा फलक होता. सव्वा दिवस ते उभे होते. खिशातल्या आधार कार्डावरून रुग्णालयाने नाव नोंदवलं होतं, एक एल असलेलं.

दुपारी संचिता त्यांच्या खाटेपाशी बसली. अंगाने वाळलेला, उंच म्हातारा. हाताला सलाइन. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की डोरोथी पोहोचली का.

संचिताने प्रवाशांची चौकशी करून ठेवली होती. त्या नावाचं कोणीही बुधवारी आलं नव्हतं, गुरुवारीही नाही. तिने ते सांगितलं. 

"तुमच्यासारख्या माणसाने चौकशी न करता विश्वास कसा ठेवला?" तिने विचारलं.

"दोन एलमुळे," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जगातले सगळे क्वेंडरेल शेवटी एकच एल लिहितात. उत्तनच्या चर्चमधल्या कारकुनाने मात्र जोसेफच्या मुलाचा बाप्तिस्मा नोंदवताना चुकून दोन लिहिले. तीच चूक घराच्या खरेदीखतात गेली. दोन पिढ्या घरात तेच स्पेलिंग चाललं. पुढे मॅथ्यूच्या वडिलांनी गोदीत नोकरी धरताना ते सुधारून एकच एल केला. पण त्याआधी आजोबांचा धाकटा भाऊ डॅनियल जहाजावर चढून गेला होता, तो परत आलाच नाही. त्याला मुलंबाळं झाली असतील तर ती दोन एल लिहीत असणार.

"म्हणजे दोन एल लिहिणारा माणूस भेटला, तर तो नुसत्या नावाचा नाही, तुमच्या रक्ताचा."

"हो. म्हणून हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. कोणाला सांगितलंही नाही. कोणी खोटा नातेवाईक बनून आला, तर ओळखायला एवढी एकच खूण होती माझ्याकडे." ते क्षीण हसले. "डोरोथीच्या पहिल्याच पत्रात ती निघाली."

"चर्चची नोंदवही कोणी बघितली असेल?"

"ती फादरच्या कपाटात असते. वीस वर्षांत मीच एकदा बघितली."

"आणि खरेदीखत?"

"माझ्या पेटीत. सोमवारी वकिलाकडे द्यायचंय. घर डोरोथीच्या नावाने करणार होतो. ती नसती भेटली, तर इंग्लंडातल्या कुठल्याही क्वेंडरेलच्या. घरावर नाव राहायला हवं."

"हे कोणाला माहीत होतं?"

"एल्टनला. जुडिथला. घर कुणातरी क्वेंडरेलला देणार, हे दोघांनाही दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं."

कागद पेटीत नाही, हे संचिताने त्यांना तेव्हा सांगितलं नाही. तिने आणखी एकच गोष्ट विचारली. त्यांच्या माघारी घर कधी कोणाच्या ताब्यात होतं का? मॅथ्यू आठवून म्हणाले, दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या वेळी चार दिवस ते रुग्णालयात होते. विम्याचं कार्ड घरी पेटीतच राहिलं होतं. ते जुडिथने शोधून आणून दिलं.

तिथून संचिता काशीमिऱ्याला एल्टनच्या गॅरेजवर गेली. ट्रकांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याला तिने जीपमध्ये बसवलं. चाळिशीचा, घामाघूम झालेला माणूस. बुधवारी गेलो होतो, त्याने लगेच कबूल केलं. कुलूप बघून परत आलो.

"घर विका म्हणून तुम्ही मागे लागला होता?"

"लागलो होतो. एकटे पडून मरतील तिकडे, आणि कळणार पण नाय कोणाला. मला त्यांचं घर नको, मॅडम. पाहिजे तर लिहून देतो."

"द्या. त्यांचं पूर्ण नाव घालून, इंग्रजीत."

त्याने बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं. संचिताने कागद बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला.

शनिवारी दुपारी मॅथ्यूंना घरी आणलं. एल्टनने त्यांना धरून खुर्चीत बसवलं. जुडिथ पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारापाशीच उभी राहिली. संचिताने सगळ्यांना बसायला सांगितलं.

"डोरोथी कोणी नाहीच," ती म्हणाली. "ती पत्रं इथूनच लिहिली गेली. अंकल बुधवारी घराबाहेर राहावेत म्हणून त्यांना विमानतळावर पाठवलं आणि खरेदीखत काढून घेतलं. कुलूप तोडलेलं नाही. पेटीतलं बाकी काही विस्कटलेलं नाही. घेणाऱ्याला कागद कुठे आहे ते माहीत होतं."

एल्टन काही बोलायला गेला. तिने हाताने थांबवलं.

"पत्रं लिहिणाऱ्याने आडनावात दोन एल घातले. का? दारावर एक आहे, आधार कार्डावर एक आहे, इथल्या प्रत्येक कागदावर एक आहे. दोन फक्त चर्चच्या नोंदवहीत आणि खरेदीखतात. नोंदवही कोणी बघितली नाही. म्हणजे पत्रं लिहिणाऱ्याने हे आडनाव खरेदीखतातून उचललं, तेही पहिलं पत्र लिहिण्याच्या आधी. जुन्या, शिक्क्याच्या कागदावर आहे तेच खरं स्पेलिंग, असं कुणालाही वाटेल. विशेषतः ज्याने वीस वर्षं ऑफिसचे कागद बघून बघून टाइप केलेत त्याला."

तिने खिशातून दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

"हे एल्टनने लिहिलेलं नाव. एक एल. आणि हे काल सकाळी याच खोलीत तुम्ही लिहून दिलेलं, जुडिथ. दोन. त्यामुळे आमचा तास-दीड तास फुकट गेला. ज्या शेजाऱ्याला आपण रोज 'अंकल' म्हणतो, त्याचं आडनाव लिहायची वेळ येत नाही. तुम्ही ते एकदाच नीट वाचलंत. विम्याचं कार्ड शोधताना."

जुडिथने हातातला तांब्या टेबलावर ठेवला. 

"एकच मला कळलं नव्हतं," संचिता म्हणाली. "कागद तुम्हीच पळवलात, मग फोन तुम्हीच का केलात? मग कळलं. अंकल बुधवारी अंधार पडायच्या आत कंटाळून परत येतील, असा तुमचा हिशेब होता. ते इतका वेळ थांबतील, हे तुमच्या मनातही नव्हतं; दोन दिवस झाले तेव्हा तुम्ही घाबरलात."

जुडिथ खाली बसली. तिने नाकारलं नाही. कागद माझ्या पिठाच्या डब्यात हाय, एवढंच आधी म्हणाली. मग हळूहळू बोलली. त्या कागदात हद्दी दिल्या होत्या. विहीर, अंगण आणि तिच्या घराची जागासुद्धा क्वेंडरेलांची. तिच्या आजेसासऱ्याला मॅथ्यूंच्या आजोबांनी तोंडी राहायला दिलेली. अंकल घर कुणा परक्याच्या नावाने करणार, हे कळल्यावर तिची झोप उडाली. इंग्लंडचा माणूस कागद वाचणार आणि तिला बाहेर काढणार. म्हणून तिने खोटी डोरोथी उभी केली, म्हणजे अंकल दुसऱ्या कोणाला शोधणार नाहीत. पण ते डोरोथीलाच घर द्यायला निघाले, वकिलाची तारीख ठरली, आणि कागद लपवण्यावाचून तिला मार्ग दिसला नाही.

मॅथ्यू तिच्याकडे वळले.

"तुझं घर माझ्या जागेत आहे?"

"हाय."

"मला माहीत नव्हतं. त्या कागदात मी फक्त आडनाव वाचलं होतं. हद्दी कधी बघितल्याच नाहीत."

त्यांनी न्यूझीलंडची जाड फाइल जवळ ओढली. 

"अठ्ठावीस पत्रं लिहिलीस," ते म्हणाले. "त्यात तुझं स्वतःचं काही होतं?"

जुडिथने पदराने तोंड पुसलं. "नवरा गेल्यापासून संध्याकाळी दिवा लावते आन् मग बोलायला कोणी नसतंय, असं डोरोथीनं लिवलं होतं. ते माझं हाय."

"त्या पत्राला मी चार पानं उत्तर लिहिलं होतं."

"वाचली. दोनदा."

संचिताने विचारलं, तक्रार द्यायची का. चोरी आहे, फसवणूक आहे, त्यांनी सांगितलं तर ती आत्ता लिहून घेईल. मॅथ्यूंनी नकारार्थी मान हलवली. कागद परत आणून टेबलावर ठेवा, म्हणाले, आणि वकिलाला सांगा की सोमवारी येतोय, पण आता दोन घरांचे दोन वेगळे कागद करायचेत.

एल्टन डबा आणायला गेला. जुडिथ उठली. दारापर्यंत जाऊन ती वळली आणि विचारलं, पेज करून आणू का.

"आज नको," मॅथ्यू म्हणाले.

ती उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. ते नकाशाकडे बघत होते, तिच्याकडे नाही.

"उद्या आण," ते म्हणाले. "आणि बस थोडा वेळ."