सहाशे बारा सह्या

"दोन वाजेपर्यंत गठ्ठा सापडला नाही तर शाळा गेली हो!"

मुख्याध्यापिका दीपिका गमरे दारातच बोलल्या. खाजगी गुप्तहेर मानसी तोरणेने आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. चिंचपोकळीच्या तिच्या ऑफिसातून लालबागची ही शाळा बारा मिनिटांच्या अंतरावर. आज वीस लागली, कारण वाटेत तिचा मदतनीस रॉनी याला वडापावची गाडी दिसली होती. खोताच्या वाडीतला हा रॉनी माणूस सोन्यासारखा, पण डोकं पोटानंतर चालायचं.

"गठ्ठा कसला?" मानसीने विचारलं.

"हमीपत्रांचा. शाळेवर दोन मजले चढवायचेत. मुलं दुप्पट झाली, खोल्या तेवढ्याच. एक न्यास निम्मा खर्च देतोय. अट एकच, उरलेला निम्मा माजी विद्यार्थी देतील अशी लेखी हमी, मूळ सह्यांची. सहाशे बारा जणांनी दिली, मॅडम. नर्सनी, टॅक्सीवाल्यांनी. ती आज दोनपर्यंत पोचवायची. नाहीतर शाळा मानखुर्दला हलवून जागा बिल्डरला, हा ठराव शाळेच्या विश्वस्त मंडळापुढे तयारच आहे. निम्म्या मुलींना घरचे एवढ्या लांब पाठवणारच नाहीत."

बाहेर टॉवरच्या पायाचं मशीन धाडधाड करत होतं, टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत होता. ऑफिसात कुणाचा पाय एका जागी ठरत नव्हता. दीपिकाबाई कपाटापाशी जात, खिडकीशी येत. लेखनिक प्रफुल्ल उगाच किल्ल्या वाजवत होता. बसले होते ते फक्त विश्वस्त अजितराव खातू, खिडकीखालच्या पेटीसारख्या चारी बाजूंनी बंद, जुन्या लाकडी बाकावर.

"गठ्ठा शेवटचा कधी दिसला?"

"नऊला," दीपिकाबाई म्हणाल्या. "लाल कापडात बांधून मीच टेबलावर ठेवला आणि वर्गांवर चक्कर मारायला गेले. साडेनऊला आले तर नाही."

मानसी प्रफुल्लकडे वळली. "तुम्ही कुठे होता?"

"झेरॉक्सला. वीस मिनिटं." त्याला घाम फुटला होता. "किल्ली माझ्याकडे असते म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत. आईशप्पथ, माझं स्वतःचं पत्र आहे त्यात! आल्यावर अख्खं ऑफिस पालथं घातलं मी. कपाटं, खण, नकाशे, कचऱ्याचा डबासुद्धा."

"आणि अजितराव, आपण?"

"मी नऊला आलो. इथे कुणी नव्हतं, म्हणून गच्चीवर गेलो." अजितरावांनी सदरा सारखा केला. "इमारत वर दोन मजले पेलेल का, ते बघायला. फोनवर निवांत बोलत चढलो, तसाच उतरलो. साडेनऊला येऊन बसतोय तर ह्यांची बोंबाबोंब. खरं सांगू? आहे ती जागा पुरते हो शाळेला. उगाच सोस!"

इतक्यात काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आत आल्या. कार्मेन टीचर. वय अठ्ठ्याहत्तर, या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलेलं. प्रफुल्ल ताडकन सावध उभा राहिला. दीपिकाबाई पाया पडल्या. दोघेही त्यांचेच विद्यार्थी. टीचरना कधी न भेटलेल्या रॉनीनेसुद्धा तोंडातला घास गिळून पाय जुळवले.

"मीही तुमच्याच हाताखालचा, टीचर," अजितराव बसल्या बसल्या हात जोडून म्हणाले.

"ओळखते मी," टीचर म्हणाल्या.

मानसी खाली फाटकावर गेली. तिथे शिपाई बुधाजी उभा होता.

"गठ्ठा बाहेर गेला असेल?"

"छ्या! उशीएवढं गाठोडं, सदऱ्यात काय लपतंय? नवापासून गेले फक्त प्रफुल्लसाहेब. हातात दोन कागद. आले तेही तसेच."

"गच्चीवर जायचा रस्ता?"

"मागचा जिना. तो एकच. पुढचा गच्चीपर्यंत जात नाही."

मागच्या जिन्यावर पाय ठेवताच रॉनी ओरडला, "अरे देवा!" त्याचा बूट एका डब्यावर पडला होता. पायरीपायरीवर मुलं दाटीवाटीने बसली होती, मांडीवर वह्या. वळणावर फळा टेकवलेला: चौथी ब, पट अठ्ठावन्न. सतराचा पाढा चालला होता.

"इथे वर्ग?" मानसीने विचारलं.

"जूनपासून," शिकवणाऱ्या नेरिसाबाई वैतागून म्हणाल्या. "रोज साडेसात ते साडेबारा. खोली कुठाय? वर जायचं तर पाच मुलं उठवावी लागतात, मग दहा मिनिटं गोंधळ. आज कुणी आलं नाही, तेवढंच नशीब."

मानसी झपझप ऑफिसात परतली. पावणेबारा झाले होते.

"गठ्ठा इमारतीबाहेर गेलेलाच नाही," ती म्हणाली. "आणि अजितराव, तुम्ही गच्चीवर गेलेला नाहीत. तिथे एकच जिना जातो. त्यावर सकाळी साडेसातपासून अठ्ठावन्न मुलं पाढे म्हणतायत. फोनवर निवांत बोलत तुम्ही त्यांच्या डोक्यांवरून गेलात का?"

अजितरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "जिन्यावर मुलं?"

"आजच्या आधी वर्षभरात एकदा शाळेच्या वेळात वर्गांवर फिरकला असतात तर दिसली असती. जागा पुरते म्हणालात ना? जागा पुरत नाही म्हणूनच तुमचं खोटं पकडलं गेलं."

"पण मग गठ्ठा आहे कुठे?" रॉनीने डोकं खाजवलं.

"प्रफुल्लने सगळं पालथं घातलं. एक जागा सोडून. विश्वस्तांना 'जरा उठा' म्हणायची लेखनिकाची छाती होईल? शाळा बुडतेय, सगळे येरझाऱ्या घालतायत, हे मात्र सव्वादोन तास हलले नाहीत. टीचर आल्या, तरी नाहीत."

"मला वाटलं, गुडघे दुखत असतील," रॉनी म्हणाला.

"गच्चीपर्यंत चढून आलो म्हणणाऱ्या माणसाचे?"

अजितराव भडकले. "पुरावा काय? मी उठणार नाही! विश्वस्त आहे मी इथला!"

कार्मेन टीचरांनी काठी एकदा जमिनीवर आपटली.

"अजित, उभा राहा."

आणि काय सांगावं, पंचावन्न वर्षांचा तो माणूस हात बाजूला घेऊन सटकन उभा राहिला!

प्रफुल्लने बाकाची फळी उचलली. आत लाल कापड होतं. दीपिकाबाईंनी गठ्ठा पोटाशी धरला आणि त्यांना रडू आवरेना.

"बिल्डर मला दोन फ्लॅट देणार होता," अजितराव पुटपुटले. "पत्रं पोचली नसती की ठराव पास. संध्याकाळी बाक हलवायच्या निमित्ताने..."

"तुझ्या वर्गातल्या एकतीस जणांच्या सह्या आहेत त्यात," टीचर म्हणाल्या. "मी मोजल्यात. तुझी शोधत होते."

दीपिकाबाई गठ्ठा घेऊन धावल्या. फाटकावर बुधाजीने टॅक्सी थांबवून ठेवली होती. मागच्या जिन्यावरून सतराचा पाढा परत पहिल्यापासून सुरू झाला.

अजितराव हळूच बसायला गेले.

"मी 'बस' म्हटलेलं नाही," कार्मेन टीचर म्हणाल्या.