भेगेवरची पट्टी

"फाटली गं! पट्टी फाटली!" काशी ओरडली आणि नफिसा धावत खिडकीशी आली.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी ती भेग कालच बाजीरावकाकांनी सिमेंटने बुजवली होती. खालच्या घरातले बाजीरावकाका भारी हौशी! कुणी बोलावलंही नव्हतं, तरी थापी घेऊन हजर! "नव्या घराला चिरा पडायच्याच की! उगा कशाला घाबरताय?" असं म्हणून चहा पिऊन गेले. नफिसाच्या अब्बांनी वरून कॅलेंडर लटकावलं. झालं! मोठ्यांच्या लेखी भेग मिटली.

नफिसाच्या जिवाला मात्र चैन नव्हतं. तिच्या तान्ह्या भावाचा, फजलचा पाळणा त्या खिडकीशीच टांगलेला होता. छताला कडी तिथेच आणि वाराही तिथेच! भिंत कोसळली तर आधी फजलवर! म्हणून सकाळी तिने आणि शेजारच्या काशीने कणकेची खळ शिजवली आणि वर्तमानपत्राची पट्टी भेगेवर आडवी डकवली. भिंत जागची हलली नाही तर पट्टी धड राहील, ही काशीची कल्पना. आणि आता पट्टी मधोमध टरकली होती.

"अब्बा, भिंत हलतेय!"

"अगं, मे महिन्याचं ऊन आहे. कागद वाळला नि फाटला," अब्बा म्हणाले. "टेन्शन नको घेऊस."

नफिसाचे डोळे भरून आले. इतकी भीती वाटत असताना कुणी ऐकूनच घेत नाही म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी जवळच्या शिरवणे गावातून दत्तू आला. काशीच्या वर्गातला हा पोरगा बोलायला लागला की थांबत नसे. "मी सांगतो! इथं आदी मिठागर व्हतं. भराव घालून घरं बांदली. जमीन खचते हाय!"

"मग सगळ्यांच्याच खिडक्या तडकल्या असतील," काशी म्हणाली. "चल, बघू!"

खळीची वाटी घेऊन तिघं घरोघर फिरली. "सुट्टीतला अभ्यास आहे, काकू!" असं सांगितलं की कुणी अडवत नसे. खिडक्यांच्या कोपऱ्यांत केसाएवढ्या चिरा बऱ्याच घरांत होत्या. तिघांनी सगळीकडे पट्ट्या डकवल्या, नफिसाकडेही नवी लावली. संध्याकाळी पाहतात तर बाकी साऱ्या पट्ट्या जशाच्या तशा, आणि नफिसाच्या घरातली पुन्हा फाटलेली!

"आमच्याच घराला काहीतरी झालंय," नफिसा पुटपुटली.

पुढच्या दिवशी तिने पुन्हा पट्टी लावली आणि जेवण होताच पहाऱ्याला बसली. अम्मी बाळंतपणाच्या थकव्याने झोपली होती. अब्बा कामावर गेले होते. खाली बाजीरावकाकांचा रेडिओ सुरू झाला, तोही एवढा मोठ्याने की भांडी थरथरावीत! आणि गाण्याच्या आडून... धप्! धप्! नफिसाने भिंतीला हात लावला. भिंतीला हादरे बसत होते! भेगेतून वाळू भुरभुरली, आणि तिच्या डोळ्यांदेखत पट्टी टर्रकन फाटली.

ती धावतच जिन्याखाली आली. तिथे काशी आणि दत्तू तिची वाट पाहत होते.

"खाली काका काहीतरी फोडतायत!"

"म्हनून घरामागं पोत्यांत विटांचे तुकडे हायेत!" दत्तूचे डोळे विस्फारले.

"आणि म्हणूनच फुकटात भेग बुजवून दिली," काशी म्हणाली. "पण दार तर आतून बंद असतं. खिडकीलाही बाहेरून तरट!"

दत्तूने डोकं खाजवलं आणि एकदम बोंब ठोकली, "टँकर आला! टँकर! पानी आलं!"

मे महिन्यात त्या वसाहतीत ही हाक ऐकून घरात बसेल असा माणूस नव्हता. रेडिओ बंद करायचंही भान न राहता बाजीरावकाका हंडा घेऊन सुसाट पळाले. दार सताड उघडं!

तिघं आत शिरली आणि जागच्या जागी थिजली. खिडकीखालची भिंत गायब! खिडकीच्या बाजूचा विटांचा खांबही पार जमिनीपर्यंत तोडलेला! वरच्या सिमेंटच्या तुळईचं एक टोक नुसत्या लाकडी बल्लीवर टेकलं होतं, आणि ती बल्ली वाकली होती. करर्र... असा आवाज आला.

"वर फजल आहे!" नफिसा किंचाळली.

ती जिना कसा चढली तिचं तिलाच कळलं नाही. "अम्मी, ऊठ! बाहेर!" तिने फजलला छातीशी धरलं, अम्मीचा हात ओढला आणि दाराबाहेर धाव घेतली. त्याच क्षणी मागे धडाम् आवाज झाला. खिडकीखालच्या विटा आणि गिलाव्याचा मोठा थर रिकाम्या पाळण्यावर कोसळला होता.

काशी आणि दत्तूने तोवर आरडाओरडा करून आसपासची घरं रिकामी केली. बाजीरावकाका रिकामा हंडा घेऊन परतले आणि मटकन खाली बसले. "किराणा दुकान टाकायचं होतं... परवानगी मिळंना. म्हटलं, दुपारी सगळे झोपल्यावर थोडं थोडं फोडावं. वर पोरगं निजतंय हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं, पोरी!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पलीकडच्या रांगेतले इंजिनियर दिनानाथकाका आले. त्यांनी आधी भक्कम टेकू लावून घेतले. मग खांब नव्याने बांधला, तुळईची दोन्ही टोकं भिंतीत नीट बसवली. खिडकीखालचा भाग बांधून झाला आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या भेगेची पाळी आली. ती त्यांनी खरवडून मोकळी केली, धुतली, वर तारेची जाळी ठोकली आणि सिमेंटने भरून रोज पाणी मारायला लावलं.

"भेग का पडली ते आधी शोधायचं, मग बुजवायची," ते साऱ्यांसमोर म्हणाले. "आपण मोठ्यांनी नेमकं उलटं केलं. या पोरांनी कणकेच्या खळीने घर वाचवलं! शाब्बास रे!"

सगळे तिघांचं कौतुक करू लागले. दत्तू तर ऐटीत छाती फुगवून उभा राहिला!

घरी आल्यावर अब्बांनी खिडकीशी नवी चटई अंथरली आणि नफिसाला जवळ बसवलं.

"अजून भीती वाटते?"

नफिसाने खाली मान घालून सांगितलं, "हो. खूप."

"मग सांग मला," अब्बा म्हणाले. "सगळं सांग. मी ऐकतोय."