एक नंबरची सीट

मी काचेवर टकटक केलं तेव्हा तो गाडीत डोळे मिटून बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान मागे टेकलेली. दहिसरच्या त्या जुन्या सोसायटीच्या आवारात, जांभळाच्या झाडाखाली, गडद निळी लांबलचक गाडी उभी होती आणि आत हे ध्यान. खरं सांगते, आधी मी गाडीच बघितली. तो नंतर दिसला.

काच खाली सरकली, अजिबात आवाज न करता.

“मी इरावती. मुलुंडहून आलेय, गाडी बघायला. काल फोन केला होता.”

“बघा ना,” तो म्हणाला. “पण घेऊ नका.”

पुढची वीस मिनिटं त्याने मला त्या गाडीचे दुर्गुणच ऐकवले. लिटरला आठ किलोमीटर जाते, तेही तिचा मूड असला तर. सुटा भाग मागवला की येईपर्यंत माणूस म्हातारा होतो. मुलुंडच्या गल्लीत तर वळायचीच नाही. आणि वर गॅलरीत उभे असलेले त्याचे बाबा, सीतारामकाका, नेमकं उलटं सांगत होते... लोण्यासारखी चालते, इंजिन अजून नव्या नवरीसारखं लाजतं. दोघांच्या मध्ये मी, वर-खाली मान करत.

“तुम्हाला गाडी विकायचीय की वाचवायचीय?” शेवटी मी विचारलं.

तो हसला. बोटांना पिवळा रंग लागला होता त्याच्या. बोरिवलीच्या शाळेत चित्रकला शिकवतो, हे नंतर कळलं. सुयोग हे नावही नंतरच.

“बाबांना विकायचीय,” तो म्हणाला. “माझं अजून... ठरत नाहीये.”

माझंही कुठे ठरलं होतं? घरी सगळे सांगत होते, त्याच पैशात नवी छोटी गाडी येते, जुनं धूड कशाला हवंय? पण आठवीत असताना शाळेच्या बसची वाट बघत उभी असायचे, तेव्हा सिग्नलला अशीच एक गाडी थांबायची. मागच्या सीटवर एक बाई डोळे मिटून रेललेल्या असायच्या. मुंबईत कुणी इतकं निवांत बसू शकतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून मला तेवढंच हवं होतं. हे मी सुयोगला सांगून टाकलं, का कोण जाणे. त्यानंतर त्याने गाडीचा एकही दुर्गुण सांगितला नाही.

चहा पिताना काकांनी सगळं सांगितलं. अंधेरीच्या एका शेटांकडे ते तीस वर्षं ड्रायव्हर होते. ही गाडी शेटांचीच. ड्रायव्हरच्या दाराला सीटची बटणं असतात. आपल्याला हवी तशी सीट लावायची, ‘सेट’ दाबायचं, मग एक किंवा दोन. पीक करून आवाज होतो आणि गाडी तुमची बैठक लक्षात ठेवते. एक नंबर शेटांचा, ते महिन्यातून एखाद्या रविवारी चालवायचे तरीही. रोज चालवणाऱ्या काकांचा नंबर दोन, आणि उतरताना रोज एक दाबून शेटांची सीट लावून ठेवायची. सहा वर्षांपूर्वी रिटायर झाले तेव्हा शेटांनी गाडी त्यांनाच देऊन टाकली. त्या दिवशी काका गाडीत बसले आणि त्यांनी एक नंबरावर आपली सीट लावली. आता डोळ्यांना काचबिंदू झालेला, उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. इमारत पाडायला निघाली होती, आणि भाड्याच्या नव्या घरात पार्किंग नव्हतं.

“एकच अट हा गो,” काका म्हणाले. “एक नंबर हलवायचा नाय. तू दोन वापर. मी कधीतरी येईन, पाच मिनटां बसान, जाईन.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. सुयोग दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं, हे वचन मी दोघांना देतेय.

गाडी माझी झाली. पण एवढं लांब बॉनेट मला झेपेना, म्हणून रविवारी सकाळी सुयोग शिकवायला यायला लागला. तो डावीकडे बसायचा आणि शांतपणे सांगायचा, अजून चार बोटं जागा आहे, घाबरू नकोस. तुम्ही-तुम्ही कधी गळून पडलं ते कळलंच नाही. पवईच्या तलावाकाठी काचा बंद केल्या की बाहेरचं सगळं नुसतं चित्रासारखं सरकायचं. वर्सोव्याला काच खाली केली तर सुकत घातलेल्या मासळीचा वास भसकन आत. मी नाक धरलं, आणि तो म्हणाला, हा तर आमच्या घरचा वास. मी हळूच नाक सोडलं. आरशात बघायला शिकवताना तो स्वतःच आरशात बघायचा, आणि तिथे नेमके माझे डोळे असायचे. ऑफिसमध्ये सोमवारी माझं कामात लक्ष नसायचं. वाट लागली होती माझी, आणि मला ते आवडत होतं.

मग दसरा आला.

आमच्या आईचा, सुलक्षणाबाईंचा, पूजेत हात कुणी धरू शकत नाही. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, स्टिअरिंगला हळदीकुंकू. मग गाडी देवासारखीच पुजायची तर सगळे अवयव पुजायला हवेत म्हणून ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली. उंची चार फूट अकरा इंच. म्हणून सीट पार पुढे, पार वर घेतली आणि समोरचं सगळं पुजून झालं. मी नारळ आणायला वर गेले होते. परत आले तर तिने दाराच्या बटणांनाही एकेक बोट लावलं होतं, दाबून. आधी सेट. मग एक.

“पीक म्हणाली गं,” आई आनंदाने म्हणाली. “पूजा पोचली.”

मी एक नंबर दाबून बघितला. सीट जाग्यावरून हललीच नाही, स्टिअरिंगला चिकटून होती तशीच. काकांची बैठक गेली होती, आणि ती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती.

काका दुसऱ्याच दिवशी येणार होते.

सुयोगला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने ‘सकाळी येतो’ म्हणून फोन ठेवला. सकाळी बाबांना घेऊन आला, त्यांना आईजवळ चहाला बसवलं आणि खाली आला. माझ्याकडे न बघता ड्रायव्हरच्या सीटवर बसला. आठवेल तशी पाठ, आठवेल तेवढी उंची लावत राहिला. मग सेट, एक. पीक.

मग दोन दाबून त्याने सीट माझ्या बैठकीवर परत नेली. “बाबांना सांगू नकोस,” एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला इतका राग आला स्वतःचा की काय सांगू!

काका आले. हाताने चाचपत बसले, बटण शोधलं, दाबलं. सीट गुणगुणत मागे गेली, थांबली. मी त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

“काका, ही तुमची सीट नाहीये. माझ्या आईच्या हातून पुसली गेली. पूजा करताना. वचन मोडलं मी.”

सुयोगने कपाळाला हात लावला. काका मात्र पाठ सीटवर घासत होते, जुनी ओळख काढावी तसे.

“ठाऊक हा,” ते म्हणाले. “पाठीक कळता गो. ही सुयोगची बैठक. जरा डावीकडे कलून बसता तो, लहानपणापासून.” मग हसायलाच लागले. “हळदीकुंकवान पुसली? बरा झाला. तीस वर्षां दुसऱ्याची सीट लावून गाडीतून उतरलंय. सहा वर्षां माझी लावून उतरलंय. पोट भरला माझा. आता जो गाडी चालवता, तेचो एक नंबर. बस, लाव तुझी.”

मी रडत रडत सीट लावली. सेट, एक, पीक. काका एव्हाना मागचं दार उघडून आत बसले होते.

“चल, पवईक ने. आज मी शेट.”

तलावापर्यंत पोचेस्तोवर ते डोळे मिटून मागे रेलले होते, सिग्नलवरच्या त्या बाईंसारखे. मी गाडी हळू चालवत होते. सुयोग मागे वळून त्यांच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे. बराच वेळ.

“राग गेला?” मी विचारलं.

“राग नव्हताच. भीती होती... की बाबा दुखावले, तर रविवारी यायला काही कारणच उरणार नाही.”

काठावर मी गाडी थांबवली, उतरले, आणि म्हटलं, येताना तू चालव. तो येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला, मागे सरकला, थोडा डावीकडे कलला. मी उघड्या दारात उभी होते.

“हलू नकोस,” मी म्हणाले, आणि सेट दाबलं. मग दोन.

पीक.

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याने बटणावरचं माझं बोट तसंच धरून ठेवलं. त्याच्या अंगठ्याला आज हिरवा रंग होता.

“ही हलवायची नाही ना?” त्याने अगदी हळू विचारलं.

“कधीच नाही. आणि आईला या दारापासून लांब ठेवायचं.”

मागच्या सीटवरून, डोळे न उघडता, काकांनी विचारलं, “वाजला काय गो?”

“वाजलं, काका.”

“मग चला घराक. तिची आई जेवणाक थांबली असतली.”