‘शेजारी’ची तिसरी कादंबरी

पुस्तकमंडळाची बैठक दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चार वाजता, बेकरीच्या मागच्या खोलीत भरायची. खोलीत मैद्याच्या पोत्यांची भिंत, त्या भिंतीला पाठ लावून चार खुर्च्या आणि मधोमध एक ठेंगणं टेबल. बैठक संपली की चौघांच्याही पाठी पांढऱ्या झालेल्या असत. रस्त्यावर लोकांना लांबूनच कळायचं, की ही वाचणारी माणसं आहेत.

बेकरीवाले काका अध्यक्ष होते, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या. पाव फुगला म्हणून ते हसत नसत आणि नाही फुगला म्हणून रडत नसत. दुसऱ्या डॉक्टर. दातांच्या. त्या पुस्तकाविषयी बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याचं तोंड आपोआप उघडायचं. तिसरे निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवली, त्याचा सूड म्हणून ते आता हाताला लागेल ते वाचत सुटले होते.

चौथा वयाने सगळ्यांत लहान. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा, म्हणून मंडळात त्याला ‘चष्मे’ म्हणत. आदर वाटला तर ‘अहो चष्मे’.

मंडळाची पद्धत साधी होती. दर महिन्याला एकाने आपल्या आवडत्या कादंबरीकाराची शिफारस करायची, दहा मिनिटं, हातात कागद न घेता. मग त्या लेखकाचं पुस्तक मिळवून बाकीच्यांत फिरवायचं. शिफारस करणाऱ्याला ते फिरतीत मिळत नसे. त्याने वाचलेलंच असणार, नाहीतर शिफारस कशाच्या जोरावर करेल? आणि कुठल्याही पुस्तकाचा शेवट कधीही, कुणालाही सांगायचा नाही. पोस्टमास्तरांच्या तोंडून एकदा खुनी निसटला होता, तेव्हा त्यांना तीन बैठका तोंडावर बोट ठेवून बसवलं होतं. माणूस बासष्ट वर्षांचा.

आणखी एक नियम होता. तो कुणी बोललं नव्हतं, पण सगळे पाळत. ‘हे मी वाचलेलं नाही’ असं म्हणायचं नाही.

त्या शनिवारी पाळी चष्म्यांची होती आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. ज्या जाडजूड लेखकाची शिफारस करायचं त्याने ठरवलं होतं, त्याच्या अकराव्या पानावर तो तीन महिने मुक्कामाला होता. तिघे त्याच्याकडे बघत होते. पोत्यातून पीठ भुरभुरत होतं. त्याने घसा खाकरला आणि बिनदिक्कत थाप मारली.

“माझा आवडता कादंबरीकार ‘शेजारी’,” तो म्हणाला. “टोपणनाव आहे. खरं नाव कुणाला माहीत नाही. दोनच कादंबऱ्या. ‘खुंटीवरचा कोट’ आणि ‘जिन्याखाली’.”

दोन्ही नावं त्याला समोरच दिसली होती. खुंटीवर काकांचा कोट होता आणि जिन्याखाली डॉक्टरांची छत्री.

“याच्या कादंबऱ्यांत काही घडत नाही,” तो रंगात आला. “साधी माणसं, साधं घर. पण वाचताना सारखं वाटतं, की पलीकडे भिंतीला कान लावून कुणीतरी उभं आहे आणि लिहून घेतंय.”

तो थांबला. आता कुणीतरी हसेल, मग आपणही हसू आणि विषय मिटेल, असा त्याचा हिशोब होता.

“वाचलंय,” पोस्टमास्तर डोळे मिटून म्हणाले. “बरीच वर्षं झाली, पण ती भिंत आठवते.”

“मला ‘कोट’ तितका नाही जमला,” डॉक्टर म्हणाल्या. “‘जिन्याखाली’ मात्र, बाई गं!”

काकांनी नुसती मान हलवली.

घरी येऊन त्याने हे ताईला सांगितलं, तेव्हा ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. ती लाँड्रीत इस्त्री करायची. पुस्तकाच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ती त्याच्याकडून वाचून घ्यायची.

“बारक्या, अरे नसलेला माणूस त्यांनी वाचला कसा?”

“तेवढी मोठी वाचक आहेत ती,” तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात काकांनी टेबलावर एक पुस्तक ठेवलं. करड्या पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. वर छापलं होतं, ‘दोघांचं घर’. खाली, ‘शेजारी’.

“पहिल्या दोन कुठे मिळेनात,” काका म्हणाले. “ही तिसरी. पाव गुंडाळायला रद्दी घेतो, तिच्यात निघाली.”

चष्म्यांना मनापासून आनंद झाला. शेराला सव्वाशेर भेटला होता. नुसती थाप पचवली नाही, तर उलटून पुस्तक छापून आणलं. “बरं जमवलंत हो काका!” तो म्हणाला.

“काय?”

“हेच. पुस्तक.”

“रद्दीत निघालं म्हटलं ना,” काका म्हणाले, आणि मधलंच एक पान उघडून त्यांनी संथ आवाजात वाचलं, “‘त्याला चहात साखर नको असायची. पण ती दोन चमचे घालायची, आणि अकरा वर्षं तो ते मुकाट पीत आला होता, कारण त्या दोन चमच्यांत तिला फार समाधान होतं.’”

“काय बारीक लिहितो!” डॉक्टर म्हणाल्या.

चष्म्यांच्या मानेवरून काहीतरी थंड खाली उतरलं. पीठ असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. साखरेची गोष्ट त्याने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. ताईला तर नाहीच नाही.

“बघू जरा,” तो हात पुढे करून म्हणाला.

“तुम्हाला कशाला? तुमचं वाचून झालंय,” काका म्हणाले आणि पुस्तक डॉक्टरांच्या पिशवीत गेलं.

तिथेच त्याने सांगायला हवं होतं. दोन शब्द. ते जिभेवर आलेही. पण त्या खोलीत ते दोन शब्द आजवर कुणी उच्चारले नव्हते, आणि तो चारचौघांसारखा ‘हो, हो’ म्हणून बसला.

त्या रात्रीपासून त्याची झोप गेली. फोनवर त्याने शोधून पाहिलं. ‘शेजारी’ असं टाकल्यावर वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण कसं मिटवावं, याचे सतरा उपाय आले. लेखक आला नाही. दुकानात काच चाकावर धरली की लक्ष उडायचं. एका आजोबांना त्याने उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवून दिली, आणि आजोबा दोन दिवस तसेच फिरून वर आभार मानायला आले. घरी तो जेवता जेवता उठायचा आणि भिंतीला कान लावायचा. पलीकडचं घर दोन वर्षं रिकामं होतं. भिंत गार होती, बाकी काही नाही.

“पाल आहे का रे?” ताई विचारायची.

“नाही.”

“मग जेव.”

दहा दिवसांनी पोस्टमास्तर दुकानात आले. चष्मा नाकावरून घसरतोय म्हणाले. तो दांड्या गरम करून वाकवत असताना त्यांनी दुकानभर नजर फिरवली, पाणी ठिबकणाऱ्या चाकावर ती थांबली आणि ते म्हणाले, “हुबेहूब.”

“काय?”

“परवा रात्री संपवलं. डॉक्टरांनी दोन दिवसांत वाचून दिलं मला.” त्यांनी आवाज खाली आणला. “ताई बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या म्हणजे? ठणठणीत आहे.”

“असू देत, असू देत. पण घरी जरा लवकर जात जा. चार शब्द बोलत जा त्यांच्याशी. पुढे त्या बहिणीचे जे हाल होतात ना, मला तर वाचवेना.”

त्याच्या हातातली दांडी मोडली. “शेवटी काय होतं, मास्तर?”

पोस्टमास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. मग तीन बैठकांची सवय झालेलं ते बोट सावकाश ओठांवर गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दाढ दुखत असल्याचं सोंग केलं आणि डॉक्टरांची खुर्ची गाठली. पण त्याने तोंड उघडताच त्यांनी त्यात कापसाचे बोळे भरले.

“दाढ तर बरी दिसतेय,” त्या आरशातून बघत म्हणाल्या. “‘शेजारी’ची शिफारस केलीत, फार उपकार झाले. असं प्रेम करणारी बहीण मी कुठल्या कादंबरीत बघितली नाही. म्हणून तर शेवटी तिला ज्या अवस्थेत सोडलंय त्या मेल्यानं...” त्यांनी आरसा बाजूला ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. “जाऊ दे. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही वाचलंयच.”

“आआ आई,” ‘वाचलं नाही’ म्हणायला गेलेला तो बोळ्यांतून जिवाच्या आकांताने म्हणाला.

“हो ना,” डॉक्टर म्हणाल्या. “अगदी नाही वाचवत.”

फीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. दारापर्यंत सोडायला आल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दातांची डॉक्टर फी घेत नाही म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली.

तो तिथून निघाला तो तडक बेकरीत. दुपारचे चार वाजून गेले होते. काका मागच्या खोलीत एकटेच बसून पोत्याचं तोंड शिवत होते.

“काका, मी ते वाचलेलं नाही,” तो म्हणाला.

काकांची सुई थांबली.

“एकही ओळ नाही. असा लेखकच नाहीये. मी थाप मारली. तुमचा कोट बघितला आणि नाव ठेवलं. तुम्ही तिघांनी मिळून माझी चेष्टा केली असेल तर पाया पडतो, सांगा. पण माझ्या बहिणीचं काय होतं तेवढं सांगा.”

काकांनी सुई पोत्यात खोचून ठेवली. चेहरा नेहमीसारखाच होता.

“हो,” ते म्हणाले. “तुमचं हे बोलणं जसंच्या तसं आहे. एकशे नव्वदाव्या पानावर.”

भट्टीकडून पावाचा वास येत होता. तो उभाच राहिला.

“किती पानांचं आहे ते?”

“दोनशे चार.”

“पुस्तक द्या, काका. नियम गेला खड्ड्यात.”

“माझ्याकडे नाही. आज सकाळीच तुमच्या ताई एप्रनचा गठ्ठा द्यायला आल्या होत्या. टेबलावर पडलं होतं, त्यांनी मागितलं.”

“ताई पुस्तकं वाचत नाही.”

“तेही लिहिलंय,” काका म्हणाले, आणि सुई उपसून पुन्हा शिवायला लागले.

तो पळत सुटला. सिग्नलला थांबला नाही. एक सायकलवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. जिना तो दोन दोन पायऱ्यांनी चढला आणि किल्ली तीनदा चुकली.

ताई खिडकीपाशी बसली होती. मांडीवर पुस्तक, ओळीवर बोट. ओठ हलत होते.

“ताई, ठेव ते.”

“थांब.”

“ताई, तुला सांगतोय ना...”

“दोन पानं राहिलीत रे.”

हिसकावून घ्यावं असं त्याच्या मनात आलं. पण हिसकाहिसकीत ती खिडकीकडे कलंडली तर? तेच लिहिलेलं असलं तर? तो मागे सरला.

त्याने गॅसचं बटण बंद केलं. माळ्याखालचं स्टूल उचलून जिन्यात ठेवलं. इस्त्रीची पिन काढली. सुरी, कात्री, सुया एका डब्यात घालून डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली खिशात. ओल्या फरशीवर चादर अंथरली. खिडकीला बाहेरून जाळी होती, तरी ती ओढून बघितली.

ताई वाचत होती. त्याच्याकडे तिने एकदाही वर बघितलं नाही. जणू तो काय करतोय ते तिला समोर दिसतच होतं.

पान उलटल्याचा आवाज झाला.

मग बराच वेळ काहीच नाही.

मग पुस्तक मिटलं.

तो तिच्या पुढ्यात जमिनीवर बसला. तिने दोन्ही हात पुस्तकावर ठेवले होते. ती त्याच्याकडे बघत होती, तो लहानपणी तापाने फणफणायचा तेव्हा बघायची तशी.

“काय होतं तुला?” त्याने विचारलं.

“मला?” ताई म्हणाली. “मला कुठे काय होतंय?”

त्याचा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात, की तो हसलाच. “मग ते सगळे रडतात कशाला? ती बहीण जगते ना शेवटी?”

“जगते,” ताई म्हणाली. “खूप वर्षं.”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला दहा कमी होते. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, उठली, कपाटाची किल्ली त्याच्या खिशातून काढून घेतली आणि वरच्या कप्प्यातली फोटोंची पेटी खाली आणली.

“ये, इथे बस, माझ्याजवळ,” ती म्हणाली. “उठू नकोस आता. आहे वेळ थोडा.”

तिने त्याचे फोटो एकेक करून मांडीवर मांडले. शाळेतला. सहलीतला. दुकानासमोरचा, मागच्याच वर्षीचा.

“यातला कुठला बरा वाटतो तुला?”

तिनेच दुकानासमोरचा उचलला, हात लांब करून निरखला, बाहीने पुसला आणि त्याला दिसू नये असा पालथा ठेवला.