फाटलेल्या पानाचा मजकूर

जरा जवळ सरका, सांगते. त्या दुपारी मी मामाकडे गेले ती फक्त निबंध तपासून घ्यायला. कॉलेजच्या प्रवेश अर्जासोबत तो पाचच्या आत पाठवायचा होता. विषय होता, 'तुम्हाला अस्वस्थ करून गेलेली साहित्यकृती'. जागा वीस, अर्ज दीड हजार. तरी मी हवेतच होते, कारण माझं पुस्तक दुसऱ्या कोणी वाचलेलंच नसणार! ग्रंथालयाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ते धूळ खात पडलं होतं.

कथेतली बाई आजारी नवऱ्याला रोज वाचून दाखवते. तो गेल्यावरही त्याच्या पलंगाशी बसून वाचत राहते. मग एका संध्याकाळी ती मध्येच थांबते, आणि... आणि तिथे शेवटचं पानच फाटलेलं. मी काय केलं? शेवट ठोकून दिला. खोली शांत होते, बाई पोटभर रडते, मोकळी होते. वर हेही लिहिलं, की हा शेवट वाचून मला झोप लागली नाही. थाप मारायची तर पुरती मारावी!

मामाने चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. मामी तिथेच त्याची जोडीदार. ती हस्तलिखित मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि मामा छापील कागदावर पेन्सिल फिरवत चुका पकडायचा. मामीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची वेताची खुर्ची खिडकीपाशी तशीच होती. मी घाईत तीच ओढून बसले. मामाने एकदा पाहिलं आणि माझ्या निबंधाची छापील प्रत पुढ्यात ओढली.

"वाच. विरामचिन्हांसकट."

मी निबंधाचं हस्तलिखित वाचू लागले. मामाची पेन्सिल छापील प्रतीवर ओळीमागून ओळ सरकत होती. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. हळूहळू तो येईनासा झाला. खोलीत शाईचा आणि ओल्या कागदाचा वास दाटला. मी शेवटाशी आले. "खोली शांत झाली, स्वल्पविराम..."

मामाची पेन्सिल अडली. त्याने ती ओळ सरळ खोडली आणि समासात भराभर लिहू लागला.

"मामा, काय खोडतोयस?"

"तू वाचतेयस तेच घेतोय."

"मी... मी तर गप्प आहे."

त्याने मान वर केली. डोळे भरून आले होते. "मग गप्पच राहा," तो कुजबुजला. "तिला मध्ये बोललेलं चालत नाही..."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पेन्सिल थांबल्यावर मी समास वाचला. 'ती थांबली. वाचन थांबलं नाही.'

"हे पुस्तक आमच्याच छापखान्यात झालं," मामा म्हणाला. "चुकीचा मजकूर तिने कधी पुढे जाऊ दिला नाही."

साडेचार वाजले होते. भीती वाटत होती, खरंच. पण खरा शेवट हातात पडला होता आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते! खोटं काढून खरं घातलं, अर्ज पाठवला. निघताना त्या खुर्चीला साधं थँक्यू म्हणायचंही सुचलं नाही.

आणि मुलाखतीला बोलावणं आलं! समोर कपाळावर चष्मा चढवलेले एक प्राध्यापक.

"माझ्याकडच्या पुस्तकात ते शेवटचं पान नाही हो," ते म्हणाले. "तीस वर्षं शोधतोय. जरा वाचून दाखवा."

माझा निबंध मला दिला, स्वतः त्याच्याच दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल टेकवली. मी वाचू लागले. आनंदाने आवाज कापत होता. शेवटच्या चार ओळी उरल्या आणि असा ठसका लागला की वाचताच येईना. खोकून वर पाहिलं, तर सरांची पेन्सिल सरकतच होती... एक ओळ... दुसरी... पार शेवटापर्यंत. आणि तोच शाईचा वास.

"सुरेख!" सर म्हणाले. "जागा तुमचीच समजा."

मी खुर्चीतून उडायचीच बाकी होते.

"फक्त एक सांगा. शेवटी 'पूर्णविराम' असं मोठ्याने का म्हणालात?"

शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे मी पाहिलं नाही.

"घरची सवय आहे, सर," मी म्हणाले.