पिरनवाडीचे टोमॅटिलो

खडेबाजारातल्या बियाण्यांच्या दुकानात मी पिशवीतून एक फांदी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "फुलं येतात, पण फळ धरत नाही. काही औषध आहे का?"

दुकानदार आण्णाप्पांनी फांदी चष्म्याजवळ नेली, उलटीपालटी करून पाहिली. "हे काय री, ताई? गोत्तिल्ला, म्हाईत न्हाय. मी कधी बघितलं न्हाय."

"टोमॅटिलो," मी म्हणाले.

माझ्या शेजारी एक तरुण मिरचीवरचं औषध घेत उभा होता. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, पायांतल्या चपलांना मात्र शेतातली माती. त्याने फांदीकडे पाहिलं आणि तो हसला.

"ही तर पोपटी की हो! आमच्या शिवारात फुकट उगवतीया. उपटून उपटून आईचे हात दुखत्यात."

"पोपटी नाही. फार तर तिची लांबची बहीण असेल. बी मी ऑनलाइन मागवलंय."

"म्हंजे पैसे दिऊन तण मागिवलासा?"

खरं तर मला राग यायला हवा होता. पण तो इतक्या काळजीने विचारत होता की मला हसूच फुटलं. मग तोही हसला. आण्णाप्पा फांदी हातात धरून आमच्याकडे बघत राहिले.

मग सगळं सांगणं आलंच. मी चिन्मयी, राहते टिळकवाडीत. बेंगळूरच्या कंपनीचं काम घरून करते, पण जीव सगळा स्वयंपाकघरात. त्यातही मेक्सिकन पदार्थांचं भारी वेड. टाको जमत होते, बाकीचंही जमत होतं. हिरवा सॉस तेवढा जमत नव्हता. कच्च्या टोमॅटोचा केला की त्याची चटणी व्हायची... चांगली व्हायची, पण चटणीच! खऱ्या सॉसला टोमॅटिलो लागतो. कागदासारख्या पातळ कवचात वाढणारं हे हिरवं, आंबटसर फळ बेळगावच्या बाजारात कुठून मिळणार? म्हणून गच्चीवर कुंड्यांत लावलं, आणि त्यातलं एकच झाड जगलं.

"एकट्या झाडाला फळ धरत नाही, असं वाचलंय मी," मी म्हणाले. "शेजारी दुसरं लागतं. तरी म्हटलं, औषधाने जमतंय का बघू."

"ह्याला औषध कशाला? जोडीदार बघा की..." असं तो तरुण म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "म्हंजे... झाडाला म्हणतोय मी."

"मीही झाडाचंच बोलतेय," मी म्हणाले.

त्याचं नाव स्वरूप. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी, आणि घरची शेती पिरनवाडीच्या पुढे. पैसे देऊन तो निघाला, पायरीवरून परत आला. "बी उरलं असंल तर रोपं करून आणा. माळाकडं मिरचीच्या कडंला एक सरी मोकळी हाय आमची. ऊन हाय, मधमाशा बी हाईत."

पावसाळा जरा स्थिरावल्यावर मी रोपं स्कूटरवर घेऊन गेले. त्यानंतर दर रविवारी जाऊ लागले, रोपं बघायला. आता रोपांना रोज उठून बघावं असं त्यांच्यात काही नसतं, आठवड्यातून एकदाही नसतं, हे मलाही कळत होतं. पण मी जायचे, आणि स्वरूप बांधावर छत्री घेऊन उभा असायचा.

एकदा मी त्याच्यासाठी डब्यात टाको नेले. त्याने एक उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"भाकरीत भाजी गुंडाळलीया की!"

"खा आधी. मग बोल."

त्याने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, डबा पुसून काढला. "झ्याक झालंय," तो म्हणाला. "तरी भाकरीत गुंडाळलेली भाजीच हाय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. श्रावणात रोपांना पिवळी फुलं आली. त्यांच्यात वाकून मधमाशा मोजताना आमची डोकी एकमेकांवर आपटली, आणि दोघांनीही उगीचच माफी मागितली. मला तो आवडला होता. यात आडपडदा ठेवण्यासारखं काही नाही. पण तो काही बोलेना, आणि मी म्हटलं, आपण तरी का बोलावं?

अशात कंपनीचा ईमेल आला. दसऱ्यानंतर घरून काम बंद, सगळ्यांनी बेंगळूरच्या ऑफिसात हजर व्हायचं. बेळगावात राहायचं तर एकच वाट होती. टिळकवाडीत कॅफे चालवणाऱ्या विद्युल्लताताई मला म्हणाल्या होत्या, "अस्सल हिरवा सॉस करून आण, माझं मेक्सिकन किचन तुझ्या हवाली करते." म्हणजे दसऱ्याच्या आत टोमॅटिलो तयार झाले तर मी इथे, नाहीतर बेंगळूर.

स्वरूपला सांगितलं. त्याने मिरचीचं एक पान उगीचच चुरगळलं.

"बेंगळूर लांब हाय."

"रात्री बसलं की सकाळी पोचतं."

"त्येच म्हणतोय... लांब हाय."

पुढच्या रविवारी मी शेतात पोचले तर स्वरूप बांधावर नव्हता. सरीत एक बाई खुरपं घेऊन बसल्या होत्या. मिरची जागच्या जागी होती. तिच्या कडेची सरी मात्र सारवल्यासारखी स्वच्छ!

"कोण गं बाई तू?" त्यांनी विचारलं.

"मी... इथे रोपं होती ना?"

"कसली रोपं? मी लेकीच्या बाळंतपणाला नंदगडला गेलतो, तर हितं पोपटी माजलेली ही एवढी! सोमवारी आल्या आल्या भांगलून काढली समदी." त्यांनी खुरपं झटकलं. काम चोख झाल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं.

मी बांधावर बसले. जन्मभर तण काढलेल्या बाईला तण दिसल्यावर तिने दुसरं काय करायचं? त्यांच्यावर रागावताही येईना. दसरा, सॉस, कॅफे, सगळं त्या स्वच्छ सरीत संपलं होतं. नको नको म्हणताना डोळ्यांत पाणी आलंच.

तेवढ्यात स्वरूप चहाची किटली घेऊन आला. कारखान्यातल्या जादा पाळीमुळे आठवडाभर तो शेताकडे फिरकलाच नव्हता. मला पाहिलं, सरी पाहिली, आणि किटली हातातच राहिली.

"आई, ती पोपटी नव्हती गं... लावल्याली रोपं हुती ती!"

त्याच्या आईचा, गुणाबाईंचा, हात थांबला. "लावल्याली? मग मला सांगाय काय झालतं तुला? रोज फोनवर म्हस दूध किती देती ते सांगतोस, पाऊस किती झाला ते सांगतोस. आन् हे न्हाय सांगितलास?"

"सांगितलं असतं तर कुणाची रोपं, म्हणून इचारली असतीस."

"मग?"

"मग... ती कोण हाय, म्हणून इचारली असतीस."

"व्हय. मग?"

स्वरूपने किटली खाली ठेवली आणि तो अंगठ्याने माती उकरू लागला. त्या क्षणी, खरं सांगते, मला रोपांचं काहीच वाटेनासं झालं.

गुणाबाईंनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खुरप्यानेच दिशा दाखवली. "तिकडं खालच्या बांधावर टाकलंय समदं. आठवडाभर पाऊस हाय, असल्या पावसात तण मरतंय व्हय? जावा, बघा जावा."

आम्ही धावतच गेलो. गवतात ढीग पडला होता. वरच्या काड्या काळ्या पडल्या होत्या, पण खाली चिखलात टेकलेल्यांनी शेंडे वर उचलले होते. स्वरूपने एक अलगद ओढली. पेरापेरातून पांढरी मुळं फुटली होती.

"जगलंय!" तो ओरडला. "हे बी जगलंय... हे बघ!"

"दसऱ्यापर्यंत फळं नाही धरायची आता," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. हातातली काडी त्याने जपून खाली ठेवली.

"आईला काय सांगणार होतास?" मी विचारलं. "मी कोण आहे म्हणून?"

पावसाची बारीक सर येऊन गेली, तरी छत्री उघडायचं कुणाला सुचलं नाही.

"मला तू आवडतीस, चिन्मयी. लई आवडतीस. जाऊ नगो म्हणायचा मला हक्क न्हाय... पर जाऊ नगो."

"बरं," मी म्हणाले. "नाही जात. विद्युल्लताताईंना सांगते, सॉस दिवाळीनंतर मिळेल. नाही थांबल्या त्या, तर गॅरेजमध्ये टेबल मांडून टाको विकेन. मलाही तू आवडतोस, स्वरूप. नाहीतर दर रविवारी कोण तण बघायला येतं?"

बाबांना हे सांगायचं काम अजून बाकी होतं. पण ते घरी गेल्यावर.

स्वरूपने जगलेल्या काड्या ओंजळीत घेतल्या आणि तडक आईसमोर जाऊन उभा राहिला. मी मागे, बांधावरच थांबले.

"आई, ही चिन्मयी. रोपं हिची हाईत. आन् मला हिच्यासंगं लगीन करायचंय."

गुणाबाईंनी काड्या हातात घेऊन मुळं तपासली. मोडक्या बाजूला टाकल्या, चांगल्या पदरात घेतल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "मग ती बांधावर का हुबी हाय? चपला काढ म्हणावं आन् ये खाली. माझ्या हातनं गेलीती, तिच्या हातनं लावून घेतो."

मी चपला काढल्या आणि सरीत उतरले.