वरच्या खोलीतला हुंकार

कर्कटकबाईंची वाचा गेली तेव्हा शाळेतल्या निम्म्या मुली रडल्या आणि उरलेल्या निम्म्या, खोटं कशाला बोला, सुटलो बाई एकदाच्या असं म्हणाल्या. गणिताच्या बाईंना हे नाव मुलींनीच ठेवलेलं. टोक असं की टोचल्याशिवाय राहायचं नाही, आणि एकदा वर्तुळ आखलं की त्याबाहेर पाऊल टाकायची कुणाची बिशाद नव्हती. त्याच बाई एका सकाळी दात घासता घासता बेसिनपाशी कोसळल्या. मेंदूत गुठळी, म्हणाले डॉक्टर. हात-पाय सावरले, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं. जीभ मात्र लाकडाची झाली ती झालीच.

मुख्याध्यापिका भेटायला आल्या. बाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सुट्टी संपली की मी तुमच्या वर्गात मागे येऊन बसेन. जमलं तर वर्ग तुमचा."

"नाही तर?" एवढं बाईंना जमायचं.

"भांडारात जागा आहे. खडू, डस्टर, नकाशे द्यायचे-घ्यायचे. आरामाचं काम आहे हो."

जन्मभर खडू झिजवलेल्या बाईनं आता खडू वाटत बसायचं! मुख्याध्यापिकांची पाठ वळली आणि बाई उशीत तोंड खुपसून ढसाढसा रडल्या. नवरा दारात नुसता उभा राहिला, कारण बाईंना रडताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

जिभेचे व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी यायची. ती म्हणाली, "रोज मोठ्यानं वाचा. पेपर नको, कंटाळाल. आवडीचं काहीतरी वाचा."

आवडीचं म्हणजे भुतांचं. दचकू नका. बाई पक्क्या नास्तिक. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच रागवणाऱ्या. पण जुन्या भयकथा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शाळकरी वयात पांघरुणाखाली वाचलेल्या कादंबऱ्या त्यांनी पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. गणितात शेवटी उत्तर येतं. या पुस्तकांत ते येत नाही, नुसता दिवा हलतो, दार वाजतं, आणि जुना लेखक शहाण्यासारखा गप्प बसतो. दिवसभर उत्तरं दिलेल्या माणसाला असं उत्तराविना बसण्यात फार सुख वाटायचं. नवरा म्हणायचा, "भुतं तुला कशी गं घाबरत नाहीत?"

पण घरात मोठ्यानं वाचायची लाज वाटे. बाई अडखळल्या की नवरा उगीचच नळ सोडायचा, ऐकलंच नाही असं दाखवायला. म्हणून बाई ग्रंथालयात जाऊ लागल्या. दुपारी तिथं चिटपाखरू नसायचं. वरच्या मजल्यावर जुन्या पुस्तकांची लांबट खोली होती: छतापर्यंत कपाटं, एक खिडकी, एक टेबल, आणि जुन्या कागदाला येतो तो गोडसर, कुबट वास. ग्रंथपाल एक सर्दीनं बेजार झालेले गृहस्थ. त्यांनी किल्ली दिली नि म्हणाले, "वाचा खुशाल. वर कोणी नसतं."

बाईंनी काळ्या बांधणीची ती जाडजूड कादंबरी काढली. एक माणूस ओसाड बंगल्यात राहायला येतो आणि तिथं कुणीतरी आधीपासून त्याची वाट बघत असतं. त्या वाचू लागल्या. शब्द चिखलात रुतलेल्या चाकासारखे निघत होते. पहिला परिच्छेद संपता संपता घाम फुटला.

"हूं."

कपाटामागून आलं. बारीक, मान हलवून दिल्यासारखं. बाईंना वाटलं, ग्रंथपाल घसा साफ करतायत. त्यांना एकदम आत्याची आठवण झाली. आत्या गोष्ट सांगायची ती एका अटीवर: ऐकणाऱ्यानं हूं म्हणत राहायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली. आणि आत्याचा स्वतःसाठीही एक नियम होता. हूं देणाऱ्याला अर्ध्यात सोडून उठायचं नाही. बाई मनातल्या मनात हसल्या आणि वाचत राहिल्या. हूं येत राहिला आणि का कोण जाणे, चाक जरा हलकं फिरू लागलं.

दुसऱ्या दिवशी वाचता वाचता त्यांनी सहज खिडकीतून पाहिलं, तर ग्रंथपाल समोरच्या टपरीवर उभे राहून चहा फुंकत होते.

"हूं," कपाटामागून आलं.

बाई उठल्या. गणिताच्याच बाई त्या! कपाटामागे हात घालून भिंत चाचपली, बोटांनी वाजवून पाहिली. भरीव. खाली उतरून बाहेरूनही बघून आल्या. त्या बाजूला ना गच्ची, ना जिना, ना नळ. गुळगुळीत उभी भिंत आणि खाली रस्ता. "कान," त्या स्वतःलाच म्हणाल्या, "कानातही गडबड झालीय." आणि परत जाऊन वाचायला बसल्या. भांडाराची भीती कानाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी बाईंनी कुणालाच कळू दिली नव्हती. त्यांनी एक चलाखी शोधली होती. जोडाक्षर आलं की वळसा घालायचा. चष्मा म्हणायचं नाही, भिंग म्हणायचं. ग्रंथालय नाही, वाचायचं घर. व्यायाम घेणारी मुलगी फसली, नवरा तर केव्हाच फसला. सगळे म्हणत, वा, किती सुधारणा!

कादंबरीत वाक्य आलं: 'बंगला स्तब्ध होता.' बाईंनी बेमालूम वाचलं, "बंगला शांत होता."

कपाटामागे काहीच नाही.

त्या पुढे गेल्या. हूं नाही. आणखी पुढे. नाही. खोलीतला आवाजच कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं, खालच्या रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा ऐकू येईना. बाईंना आधी राग आला. मग त्यांनी बोट मागे नेलं आणि वाक्य पुन्हा धरलं. "तब्ध. सतब्ध. स... तब..." जीभ दातांत अडकली, डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वेळानं, लाळेसकट, तुटका-मुटका, पण पुरा शब्द बाहेर पडला. "स्तब्ध."

"हूं."

बाई खुद्‌कन हसल्या. आणि हसता हसता अंगावर सर्रकन काटा आला. पानावर कुठला शब्द आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे पुस्तक त्यानं आधी ऐकलेलं होतं.

शहाण्या माणसानं तिथूनच पळ काढला असता. पण बाईंनी उभ्या जन्मात असा कडक मास्तर पाहिला नव्हता. मुलींना आपण हेच केलं, वळसा कधी चालू दिला नाही, हे त्यांना आठवलं. त्या रोज जाऊ लागल्या. निष्पर्ण, प्रत्यंतर, उच्छ्वास, एकेका शब्दासाठी अर्धी अर्धी दुपार. हूं आला की बाईंना बक्षीस मिळाल्याचा आनंद व्हायचा. नवरा म्हणाला, "काय गं, हल्ली चेहऱ्यावर तेज आलंय. वर कोण भेटतं?"

"मास्तर," बाई म्हणाल्या. तो मोठ्यानं हसला.

शाळा उघडली. मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर बसल्या. आठवीच्या मुली हाताची घडी घालून, जीव मुठीत धरून बसल्या. बाईंनी फळ्यावर त्रिकोण काढला. सुरुवात बरी झाली. मग त्या शब्दापाशी आल्या आणि जीभ टाळ्याला चिकटली.

सोपं होतं. 'दोन बाजू समान आहेत' म्हणायचं आणि पुढे जायचं. कुणाला कळणारही नव्हतं. ते शब्द ओठांवर आले, आणि बाईंना ती वरच्या खोलीतली शांतता आठवली, हूं नसलेली.

त्यांनी खडू घट्ट धरला. "सम," त्या म्हणाल्या. "समद... समदि..."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं मान खाली घातली. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला.

"समद्विभुज!" बाई कडाडल्या. "समद्विभुज त्रिकोण! आणि तिसऱ्या बाकावर काय चाललंय? फळा इकडे आहे!"

वर्ग टाळ्यांनी दणाणून गेला. बाईंना भिऊन असणाऱ्या मुली बाकांवर चढून ओरडत होत्या. मुख्याध्यापिका चष्मा पुसत राहिल्या, तो काही केल्या कोरडा होईना. "भांडाराला दुसरं कुणीतरी बघते," त्या म्हणाल्या. बाईंनी मुलींना खाली बसवलं, एकीचा कान धरला, आणि तास घंटेपर्यंत घेतला. आपण जिंकलो, असं त्यांना पायाच्या नखापर्यंत वाटलं.

शाळा सुटल्यावर त्या थेट ग्रंथालयात गेल्या. कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, आणि मास्तरांचे आभार मानायचे होते. ऊन तिरपं होऊन टेबलावर आलं होतं. बाईंनी उभं राहून वाचलं, वर्गात वाचावं तसं, खणखणीत. एकही जोडाक्षर निसटलं नाही. हूं मागून हूं येत गेला. शेवटचं वाक्य. "समाप्त."

त्यांनी पुस्तक मिटलं.

"मग?"

इतक्या दिवसांत हा पहिलाच शब्द. बारीक, अदबीचा.

"संपली," बाई म्हणाल्या.

"मग?"

हूं देणाऱ्याला अर्ध्यात सोडायचं नाही. बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. आवाज त्यांचा होता, परत मिळवलेला, आणि तो थरथरला नाही.

"एक होती गणिताची बाई," त्या म्हणाल्या.

"हूं."

त्यांनी सगळं सांगितलं. बेसिन. लाकडाची जीभ. खडू. वळसे. स्तब्ध. समद्विभुज.

"हूं. हूं."

"मग त्या बाई ग्रंथालयात आल्या, शेवटचं प्रकरण वाचलं, आणि खुर्चीत बसून गोष्ट सांगू लागल्या."

"मग?"

गोष्ट आता या टेबलापाशी, या उन्हापाशी येऊन ठेपली होती. पुढचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बाई उठल्या. पदर खोचला.

"मग," त्यांनी ठणकावून सांगितलं, "बाईंनी खोलीला कुलूप लावलं आणि त्या घरी गेल्या. उद्या पहिल्याच तासाला भूमिती आहे. संपली गोष्ट!"

त्यांनी पिशवी उचलली, दार ओढून घेतलं, कुलपात किल्ली फिरवली आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

"हूं," आलं. बंद खोलीतून नाही. जिन्यावरून, चार पायऱ्या खालून, घरी निघालेलं कुणीतरी त्यांच्यासाठी थांबावं तसं.